भाऊंच्या कॉम्प्युटरवरचं घुबड

तुमच्या कॉम्प्युटरवर सध्या कोण कोण राहतं, हे तुम्ही छातीठोकपणे सांगू शकता का?

घरात कोण राहतं ते विचारत नाही. ते तुम्हाला माहीत असेल, आणि त्यातलं कोण कधी जाणार याचीही तुम्ही वाट बघत असाल. मी त्या टेबलावरच्या डब्याबद्दल विचारते आहे. उजव्या कोपऱ्यातून सारखं डोकं वर काढून ‘तुमचा कॉम्प्युटर धोक्यात आहे’ असं बजावणारा तो कोण? न विचारता हवामान सांगणारा कोण? त्यांना घरात कोणी घेतलं? बोईसरच्या आमच्या दुरुस्तीच्या दुकानात येणारा प्रत्येक माणूस पहिलं वाक्य हेच बोलतो की मी नाही घेतलं, मुलाने घेतलं असेल. मुलगा म्हणतो पप्पांनी. पप्पा म्हणतात, आपोआप आलं.

आपोआप काही येत नसतं, हे माझ्या पप्पांचं लाडकं वाक्य. ते तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत कापडाच्या कारखान्यात होते आणि युनियनची पत्रकं लिहायचे. आमच्या घरात गोष्टीची पुस्तकं कमी आणि पत्रकांचे गठ्ठे जास्त. मी वाचायला शिकले तीच मुळी ‘कामगार बंधूंनो आणि भगिनींनो’ या ओळीवर बोट ठेवून. तिसरीत असताना मी डब्यातल्या दुधीच्या भाजीविरुद्ध आईला मागण्यांचं पत्रक दिलं होतं. आईने ते शांतपणे वाचलं, उलटं केलं, मागच्या कोऱ्या बाजूवर बाजाराची यादी लिहिली आणि यादीत पहिला दुधी लिहिला.

असं बाळकडू मिळालेल्या मुलीने पुढे मोर्चे काढायचे. मी लोकांच्या कॉम्प्युटरमधून नको असलेले प्रोग्राम काढते. पण खरं सांगते, लढाई तीच आहे. फक्त ऊन लागत नाही.

ज्यांना हा धंदा माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. समजा तुम्हाला फोटो लहान करणारा एखादा प्रोग्राम हवा आहे. तुम्ही शोधता आणि सगळ्यात वर जे दिसतं ते उतरवून घेता. सगळ्यात वर बहुतेक वेळा जाहिरात असते. मग तो प्रोग्राम तुम्हाला पायऱ्या चढवायला लागतो. पुढे, पुढे, मान्य, पुढे. मधल्या एका पायरीवर मुंगीच्या अक्षरांत लिहिलेलं असतं की माझ्याबरोबर माझे दोन-तीन मित्रही येतील, त्यातला एक तुमचं पहिलं पान बदलेल आणि तुम्ही काहीही शोधलंत तरी तुम्हाला स्वतःच्या दुकानावरून फिरवून नेईल. त्यापुढच्या चौकटीत बरोबरची खूण आधीच करून ठेवलेली असते. आणलेल्या प्रत्येक मित्रामागे त्या प्रोग्रामवाल्याला पैसे मिळतात. ‘हो’ हिरव्यागार, ऐसपैस बटणावर. ‘नको’ असतो, पण राखाडीवर राखाडी, भिंतीवरच्या ओलीसारखा. आणि बाजूला ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ नावाचं एक दार असतं. सगळ्या खुणा पुसायची सोय त्या दारामागे आहे. पण नाव असं ठेवलंय की साधा माणूस म्हणतो, आपलं तेवढं शिक्षण नाही, आणि ऐसपैस बटण दाबून मोकळा होतो. ज्याने हे नाव ठेवलं त्याला एकदा पगाराच्या दिवशी कारखान्याच्या गेटवर उभं करून समजावून सांगायला लावावं, अशी माझी फार इच्छा आहे.

आमची गिऱ्हाइकं या संकटाला आपापल्या पद्धतीने तोंड देतात. वसाहतीतल्या एका गोदामात दुबेजी म्हणून सुपरवायझर होते. त्यांच्या स्क्रीनच्या कोपऱ्यात सतत लॉटरी लागल्याच्या सूचना उगवायच्या. दुबेजींनी बिस्किटांच्या खोक्याचा पुठ्ठा कापला आणि चिकटपट्टीने त्या कोपऱ्यावर लावला. मी प्रिंटर बघायला गेले तेव्हा मला तो पुठ्ठा दिसला.

“दुबेजी, ये क्या है?”

“इलाज है, मैडम. अब नहीं दिखता.”

मी कुठल्या कुठल्या साइटला सूचना पाठवायची परवानगी दिली गेली होती ते शोधून सगळ्या बंद केल्या आणि पुठ्ठा काढला. पुठ्ठ्याखाली कॉम्प्युटरचं घड्याळ होतं. दुबेजी त्याच्याकडे बघतच राहिले. इतके दिवस ते ट्रक ड्रायव्हरांना वेळ विचारत होते.

वाणगावला मिरचीचे एक व्यापारी आहेत. त्यांच्याकडे झाडूचं चित्र असलेला एक सफाईवाला प्रोग्राम फुकटात घुसला होता. तो रोज सकाळी कॉम्प्युटरमध्ये हजारो धोके सापडल्याचं सांगायचा, आणि पैसे भरलेत तर काढतो म्हणायचा. धोके रोज वाढायचे. शेवटी व्यापाऱ्यांच्या आईने कॉम्प्युटरची दृष्ट काढली. मिरच्या घरच्याच, त्यामुळे हात आखडता घेतला नव्हता. ओवाळून त्या निखाऱ्यावर टाकल्या, कॉम्प्युटरच्या पंख्याने धूर खेचून घेतला आणि पुन्हा खोलीभर फेकला. मी पोचले तेव्हा सगळं घर अंगणात उभं राहून खोकत होतं आणि आत झाडूवाला एकटाच धोके मोजत बसला होता.

अशी माणसं बघून मी दुकानात एक पत्रक छापून ठेवलं. मथळा होता ‘पुढे दाबण्यापूर्वी थांबा’. लोक नम्रपणे घ्यायचे आणि बाहेरच्या वडापावच्या गाडीवर ठेवून जायचे. गाडीवाल्याने ती सत्कारणी लावली. मग एक दिवस एक गृहस्थ तेलकट कागद घेऊन आले आणि म्हणाले, “हे तुमचंच का? ‘नको’ कुठे लिहिलेलं असतं, तिथेच नेमका डाग पडलाय.” माझ्या पत्रकाचा हा एकमेव वाचक. मी त्यांना खुर्ची दिली.

पण मला सांगायचंय ते केळव्याच्या भाऊंबद्दल.

भाऊ आणि काकूंची केळव्याला समुद्रापासून थोडी आत नारळ-पोफळीची वाडी आहे. वाडीत तीन खोल्या बांधल्यात, शनिवार-रविवारी मुंबईचे पाहुणे येतात. पुण्यातल्या भाचीने त्यांच्यासाठी इंटरनेटवर एक पान करून दिलंय. त्या पानावर फोन नंबर नाही, फक्त ईमेलचा पत्ता आहे. असं का, ते पुढे येईल.

काकूंचा दुकानात फोन आला तो नवरात्राच्या सुमाराला.

“बाय, तुमी कॉम्प्युटरमदलं वायट काढता ना?”

“काढतो. काय झालंय? बंद पडलाय का?”

“कॉम्प्युटर झकास चालतो. पाहुणे बंद पडलेत.”

मी स्कूटी काढली आणि पालघरवरून केळवं गाठलं. भाऊ पडवीतच होते. पंचा, बनियन, आणि चेहऱ्यावर असं हसू की आपण कोणाच्या तरी लग्नाला आलोय असं वाटावं. त्यांनी मला पाणी दिलं, चहा दिला, घावन दिले. मी नको म्हटलं तर आणखी एक दिला. कॉम्प्युटर पडवीच्या टोकाला, विणलेल्या रुमालाखाली. रुमाल काढून चालू केला. मागे म्हणे समुद्राचं चित्र होतं. आयकॉनांच्या गर्दीत मला त्याचा फक्त एक ओला कोपरा दिसला.

“भाऊ, हे सगळं कोणी घातलं?”

“मीच,” भाऊ म्हणाले. हे उत्तर देणारा माझ्या नोकरीतला पहिला माणूस. “म्हंजे, त्यांनी विचारलं.”

“कोणी?”

“ज्याने त्याने. काय अदबीने विचारतात गो. आमचं हे पण घ्याल का, तुम्हाला आवडेल. आता कोणी दारात येऊन एवढं विचारतो, त्याला तोंडावर नाय कसं बोलायचं?”

“अहो, ती माणसं नाहीत. प्रोग्राम आहेत.”

“पण विचारतात ना?”

आतून काकूंचा आवाज आला. “ह्यांनी जन्मात कुणाला नाय बोललेलं नाय. माज्या बहिणीला बघायला आले होते. ती बोलली, हा नाय चालत, तर माज्या बापाने विचारलं, धाकटी चालेल का. हे बोलले, हो.”

“चालली ना पण,” भाऊ म्हणाले.

“चालली नाय, चालवून घेतली मी.”

फोन नंबर पानावर का नव्हता, तेही आता कळलं. फोनवर पाहुण्याने दर कमी करता का विचारलं की भाऊ हो म्हणायचे. कुत्रा आणू का, हो. बारा जण आलो तर, हो. तेव्हा काकूंनी कायदा केला की फोन नाही, लिहून पाठवा, मी बघेन आणि मग उत्तर जाईल. म्हणजे वाडीचं पोट त्या एका ईमेलच्या पेटीवर होतं.

“पाहुण्यांची पत्रं कुठे बघता, ते दाखवा मला,” मी म्हटलं.

भाऊंनी एका घुबडाच्या चित्रावर टिचकी मारली. हा ब्राउझर मी आधी कधी पाहिला नव्हता. ब्राउझर म्हणजे ज्या खिडकीतून आपण इंटरनेट बघतो ती खिडकी. या खिडकीत आधी कुठल्या तरी परदेशी शहरातला बर्फ दिसला, मग दागिन्यांची जाहिरात, मग एक पाकीट. भाऊंनी पाकीट उघडलं. आत काही नव्हतं.

“रोज पूजा झाली की बघतो,” ते म्हणाले. “रोज रिकामा. स्वच्छ असतो पण.”

मी कॉम्प्युटरवरच्या प्रोग्रामांची यादी काढून तारखेप्रमाणे लावली. आमच्या कामातली ही सगळ्यात सोपी युक्ती आहे, जे एका दिवशी आले ते बहुधा एकमेकांना ओळखतात. भाऊंनी गणपतीनंतर भरती-ओहोटीच्या वेळा दाखवणारा एक प्रोग्राम उतरवला होता, कारण पाहुणे विचारतात. त्याच तारखेला घुबड आलेलं. त्याच तारखेला झाडूवाला, सवलतींची कुपनं शोधणारा एक, आणि आणखी कोणकोण.

“भरतीबरोबर आले सगळे,” भाऊ कौतुकाने म्हणाले.

“आणि घुबडाने तुम्हाला काय काय विचारलं?”

“मला तुमचा मुख्य करा, बोलला. केलं. जुन्या खिडक्या बाजूला ठेवू का, बोलला. ठेव म्हटलं. तुम्हाला नवी टपालपेटी देऊ का, बोलला.”

“आणि तुम्ही हो म्हणालात.”

“फुकट देत होता गो.”

मला सगळं कळलं. पाहुणे जुन्या पत्त्यावर लिहीत होते आणि भाऊ रोज कोणालाच माहीत नसलेली नवी पेटी उघडत होते. पण हे बोलायच्या आत काकूंनी मला हात पुसायच्या निमित्ताने मागे विहिरीवर नेलं. “बाय, एक सांगते. मुंबईचा एक जण हाय, समीर साहेब. त्याला हितं रिसॉर्ट करायचंय. दोन खोल्या लीजवर द्या बोलतो. रविवारी शब्द घ्यायला येतोय. ह्यांना वाटतं, पाहुणे येतच नायत तर खोल्या ठेवून काय करू. आणि वाटत नसतं तरी ते हो बोलणारच. तू बगितलंस ना त्यांना.” त्यांनी पोफळींकडे बघितलं. “सकाळी उठून मी ह्या झाडांना पाणी लावते. ते गेलं तर सकाळी उठून काय करू?”

मी पडवीत परत आले ती पेटून. मी भाऊंसमोर उभी राहिले आणि एक भाषण केलं. तुमच्या सभ्यपणाचं भांडवल केलं जातंय, म्हटलं. आधीच खूण केलेली चौकट म्हणजे तुमच्या वतीने कोणीतरी केलेली सही आहे, म्हटलं. न विचारता आलेल्याला बाहेर काढणं हा आपला हक्क आहे, म्हटलं. भाऊंनी सगळं ऐकलं.

“तुजे पप्पा भाषण करायचे का?”

“हो.”

“वाटतं. पण बाय, पाहुण्याला घोषणा देऊन नाय घालवत.”

काढायला बसलो. झाडूवाला गेला, कुपनवाला गेला. मग घुबडाची पाळी आली. ‘काढून टाका’ दाबताच पडदाभर एक चित्र आलं. घुबडाच्या डोळ्यांत मोठाले अश्रू. खाली इंग्रजीत ओळ. भाऊंनी अर्थ विचारला आणि मी मूर्खासारखा खरा सांगितला, “म्हणतंय, आमचं काही चुकलं का?”

भाऊंचा माऊसवरचा हात खाली आला. “अरे अरे.”

“भाऊ, ते सगळ्यांना हेच म्हणतं.”

“रडतो तरी खरा.”

“‘मला राहू द्या’ हे मोठं बटण आहे. ते दाबायचं नाही. कोपऱ्यात राखाडी अक्षरं दिसतात का? ते दाबायचं.”

“आणि ही चौकट कसली?”

“का काढताय, त्याचं कारण विचारतात. रिकामी सोडा.”

“कारण न सांगता घालवायचं? शोभतं काय?” आणि भाऊंनी मला मजकूर सांगितला. तुम्ही आलात, बरं वाटलं. तुमचं काही चुकलं नाही. आमच्याकडेच जागा कमी आहे. वाटेत काळजी घ्या. मी ते इंग्रजीत टाइप केलं. आयुष्यात लिहिलेल्या मजकुरांपैकी इतकी लाज मला दुसऱ्या कशाची वाटलेली नाही. मग भाऊंनी राखाडी अक्षरांवर टिचकी मारली आणि स्क्रीनकडे बघून हात जोडले. “या परत.”

कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू केला. समुद्राचं चित्र आलं. त्याच्या बरोबर मध्यभागी घुबड.

काकूंनी भाऊंकडे बघितलं. “बोलले ना, या परत.”

मी समजावून सांगितलं की असे प्रोग्राम जाताना आपला एक माणूस मागे ठेवून जातात. कॉम्प्युटर चालू झाला रे झाला की धन्याला बोलावून आणायचं, एवढंच त्याचं काम. आधी तो शोधायचा, त्याला काढायचं, मग धन्याला. माझं शास्त्र बरोबर होतं, पण त्या पडवीत कोणी ते मान्य केलं नाही. दुसऱ्यांदा राखाडी अक्षरं दाबताना भाऊंनी तोंड उघडलं, तेवढ्यात काकूंनी त्यात अख्खा घावन कोंबला. घुबड पुन्हा आलं नाही. काकूंच्या मते कशामुळे, ते स्पष्ट आहे.

“आता कुठली खिडकी ठेवू?” भाऊंनी घास गिळून विचारलं. “तिन्ही चांगल्या दिसतात. ही गोल, ही कोल्ह्याची, ही निळी.”

हा प्रश्न मला रोज विचारतात, आणि लोकांना एका शब्दाचं उत्तर हवं असतं. माझं उत्तर जरा लांब आहे. ब्राउझर बनवणाऱ्याच्या स्वतःच्या पानावरून घ्या, वाटेतल्या जाहिरातीतून नको. तो नव्या दुरुस्त्या वेळच्या वेळी घेतो का बघा. त्यात वरून घालायची जोडणी, म्हणजे एक्स्टेन्शन, मोजकीच ठेवा, कारण प्रत्येक जोडणीला तुम्ही वाचता ते वाचायची मुभा मिळू शकते. आणि माझी शेवटची कसोटी अशी की ज्याला सोडून जाताना तो रडत नाही, तो ब्राउझर ठेवण्यालायक. आज नको झालो तर उद्या जाऊ देतो तोच आपला.

भाऊंनी विचार करून दोन ठेवले. “एक फक्त बँकेला. तिकडे दुसरं कोण बसायचं नाय. आणि एक बाकीच्यांना.” मीही हेच सुचवते, पण एवढ्या चटकन कोणी ऐकत नाही.

जुन्या खिडकीला जुन्या टपालपेटीचा पासवर्ड अजून आठवत होता. पेटी उघडली.

पत्रंच पत्रं. दिवाळीसाठी विचारणा. शाळेतल्या शिक्षिकांचा एक गट. आजीला घेऊन येतोय, पायऱ्या किती, असं विचारणारं एक जोडपं. एकाच माणसाची तीन-तीन पत्रं, प्रत्येक आधीच्यापेक्षा लहान. आणि अंधेरीच्या एका कुटुंबाचं, जे दरवर्षी यायचे. भाऊ ते स्वतः मोठ्याने वाचायला लागले. “भाऊ, उत्तर आलं नाही. आमचं काही…” तिथे ते थांबले. मी वाकून पुढचं बघितलं. आमचं काही चुकलं का, असं लिहिलं होतं.

भाऊंनी चष्मा काढला. बराच वेळ काच पुसत राहिले. “म्हंजे मी इतके दिवस सगळ्यांना नाय बोलत होतो?”

त्या माणसाने आयुष्यभर तो शब्द तोंडातून काढला नव्हता, आणि एका घुबडाने त्याच्या नावाने तो गावभर वाटला होता.

रविवारी भाऊंनी मला बोलावून घेतलं. मी खिशात एक पत्रक नेलं होतं. काकूंनी दारातच हात पुढे करून ते घेतलं आणि म्हणाल्या, “आज तू फक्त जेवायचं.”

समीर साहेब आले. माणूस गोड होता, तक्रारीला जागा नाही. झोपाळ्यावर बसले, सरबताची तारीफ केली. “फक्त दोन खोल्या, भाऊ. बाकी सगळं तुमचंच.”

“बरं,” भाऊ म्हणाले. “आणि काय?”

“आणि म्हणजे, पाण्याला विहीर लागेल. तेवढं चालतंच.”

“बरं. आणि?”

“गाड्या लावायला पुढची थोडी झाडं हलवावी लागतील.”

“झाडं हलतात?”

“तोडावी लागतील.”

“बरं. आणि?”

मी काकूंकडे बघितलं. काकू दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या. भाऊंच्या प्रत्येक ‘बरं’सरशी त्यांचा चौकटीवरचा हात आवळत होता.

“मागे एक छोटा पूल टाकू.”

“कशावर?”

“पोहायचा पूल, भाऊ.”

“पोहायला समुद्र हाय ना.”

“समुद्र लोकांना बघायला आवडतो. पोहायला पूल लागतो.”

“बरं. आणि?”

समीर साहेबांकडचं बाहेर यायला वेळ लागला, पण भाऊंना घाई नव्हती. ते पाहुण्याला आग्रह करावा तसं ‘आणि?’ म्हणत होते, आणि पाहुणा आग्रहाला बळी पडत होता. जेवणघर. गेटला कुलूप. भाऊ-काकूंनी मागच्या दाराने ये-जा केली तर बरं. शेवटी ते म्हणाले, “झालं, एवढंच. तुम्ही फक्त हो म्हणा.”

पडवीत झोपाळ्याच्या कड्या तेवढ्या करकरत होत्या.

“नको,” भाऊ म्हणाले.

ते इतक्या हळू म्हणाले की समीर साहेब पुढे बोलतच राहिले. “तर मग पुढच्या आठवड्यात माझा माणूस येऊन…”

“नको बोललो मी.”

झोपाळा थांबला. समीर साहेबांचा चेहरा पडला, खरोखरच दुखावल्यासारखा. “भाऊ, आमचं काही चुकलं का?”

मी खाली बघून ओठ चावला. भाऊंनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. “तुमचं काय चुकलं नाय. दिवाळीला खोल्या भरल्यात, आणि झाडांना ही रोज सकाळी पाणी लावते. चला, पापलेट हाय. जेवून जा.”

समीर साहेब जेवले. दोनदा भात घेतला. भाऊ त्यांना गाडीपर्यंत सोडायला गेले आणि म्हणाले, “सांभाळून जा.” तेवढंच म्हणाले. काकूंनी चौकट सोडली.

भाऊ एकदम बदलले असं मी सांगणार नाही. खोल्या तीन आणि पत्रं त्याहून कितीतरी जास्त, त्यामुळे बऱ्याच जणांना जागा नाही असं कळवणं भाग होतं. प्रत्येक पत्राला भाऊंना अर्धा दिवस लागला, आणि प्रत्येकाच्या शेवटी त्यांनी लिहिलं की राहायला जागा नाही, पण जेवायला या. लोक आले. शिक्षिकांचा अख्खा गट आला. काकू दिवाळीभर भाऊंशी बोलत नव्हत्या.

मी हा सगळा प्रकार पप्पांना सांगितला. त्यांनी नेहमीप्रमाणे विचारलं, “तुमची मागणी काय?” मी म्हटलं, ‘हो’ आणि ‘नको’ एकाच आकाराचे, एकाच रंगाचे असावेत. पप्पा जरा विचार करून म्हणाले, “लहान मागणी आहे. लवकर मान्य होणार नाही.” मला वाईट याचंच वाटतं. मी घुबडं काढत राहीन, कोणीतरी कुठेतरी बसून नवी बनवत राहील, आणि त्याला कोण माणसं ‘नको’ म्हणत नाहीत ते पक्कं माहीत असेल. ती आपल्या घरची सगळ्यात चांगली माणसं असतात.

म्हणून एक काम सांगते. या दिवाळीत फराळ झाला की घरातल्या मोठ्या माणसाच्या कॉम्प्युटरसमोर त्यांच्याबरोबर बसा. प्रोग्रामांची यादी तारखेप्रमाणे लावा आणि एकेक नाव मोठ्याने वाचा. हा कोण, कशाला आला, विचारा. कुठल्या साइट सूचना पाठवतात ते बघा. ब्राउझर उघडल्यावर येणारं पहिलं पान त्यांनीच निवडलंय का, ते बघा. पत्रं कुठल्या पेटीत येतात तेही बघा, आणि जुनी पेटी उघडल्याशिवाय उठू नका. जे नको असेल ते काढायची वेळ आली की राखाडी अक्षरं कुठे आहेत तेवढं बोटाने दाखवा, आणि माऊस त्यांच्या हातात राहू द्या. तुमचा हात शिवशिवेल. तो मांडीखाली दाबून बसा. कदाचित बराच वेळ लागेल. त्यातल्या कित्येकांना तो शब्द आयुष्यात पहिल्यांदाच म्हणायचा असतो.